हौसाची उडी

“पण मी म्हणतो, ती वाकली कशाला?” देवस्थळी नावाच्या त्या गृहस्थांनी टेबलावर अशी मूठ आपटली, की बशीतलं एक भजं उडून खाली पडलं. “मागं चार माणसं पिस्तुलं रोखून धावतायत. काखेत रॉकेटच्या नकाशांची बॅग. खाली दुथडी भरलेली नदी. आणि ही एजंट रोमा कठड्यापाशी येते, थांबते, वाकते, आणि मग उडी टाकते! का?”

“बुटाची नाडी सुटली असेल,” मिरजेचे तांबोळी म्हणाले.

“बूट कुठले, अनवाणी आहे ती! तोही एक घोळच. आधीच्या शॉटला उंच टाचांचे बूट, आणि पुलावर पाय उघडे.”

“माझं ऐका तुम्ही,” ओक डॉक्टरीणबाई कप बाजूला सारत म्हणाल्या. “ती कठड्याला काहीतरी चिकटवते. ट्रान्समीटर. म्हणून तर तिचे ओठ हलतात. संदेश देतेय ती.”

“कुणाला?”

“त्या होडीवाल्याला! खाली कोपऱ्यात होडी दिसते की नाही? हिचं डोकं पाण्याबाहेर येतं आणि तो माणूस मुंडासं सोडून हवेत उडवतो. खूण आहे ती. शत्रूचा माणूस असणार तो, मी कधीपासून सांगतेय.”

मी गल्ल्यावर बसले होते. इतका वेळ तोंडाला कुलूप घालून ऐकत होते, पण हे ऐकलं आणि माझी कानशिलं तापली.

“ओ बाई,” मी म्हटलं, “शत्रूचा माणूस न्हाई त्यो. माझा बाप हाय.”

सगळ्या माना गल्ल्याकडं वळल्या. कढईतली भजी तेवढी बोलत होती.

हॉटेल म्हणजे आमचंच. कृष्णेवरच्या जुन्या दगडी पुलाच्या तोंडाशी, पत्र्याचं. मालक, म्हणजे आमचे हे, भट्टीवर आणि मी गल्ल्यावर. पूल ओलांडला की पलीकडं माझं माहेर, नावाड्यांची वस्ती. अलीकडं सासर. ‘ऑपरेशन काळवीट’ नावाच्या हेरगिरीच्या सिनेमातली सगळ्यांत गाजलेली उडी याच पुलावर घेतलेली. तो सिनेमा जीव ओवाळून टाकावा इतका आवडणारी काही मंडळी त्या दिवशी मुद्दाम गाडी करून पूल बघायला आली होती. दगडाला हात लावून, फोटो काढून झाले, आणि मग चहा-भजी घेत त्यांची भांडणं जुंपली. त्याला आता कितीतरी वर्षं झाली. मालकांचे केस काळे होते तेव्हा, यावरून ओळखा.

“आई!” माझी मंगल आतून धावत आली आणि कानाशी दात आवळून म्हणाली, “आज नको. पुण्या-मिरजेची माणसं आहेत. पाया पडते तुझ्या.”

पोरीचं बरोबर होतं म्हणा. या गावात माझी अब्रू काय होती, ते तिला रोज कॉलेजच्या एसटीत ऐकावं लागायचं. आमच्या गावात कुणी थाप मारली की म्हणत, “ही हौसाची उडी दिसतीया!” पुढाऱ्यानं रस्त्याचं आश्वासन दिलं, हौसाची उडी. कुणी मुलाला सरकारी नोकरी लागली म्हणून पेढे वाटले, हौसाची उडी. हौसा म्हणजे मी. कारण लग्नानंतर काही वर्षांनी, माझा बाप वारल्यावर, मी एकदा पाणवठ्यावर सांगून बसले होते, की बायांनो, सिनेमातली ती उडी मी मारली. त्या हसल्या, त्या अजून हसत होत्या. लोक हसले त्याचं मला काय! लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? पण माझ्या पोटची पोर माझी मान खाली गेली म्हणून स्वतःची मान खाली घालून चालायची, ते मला आत कुठंतरी कुरतडायचं.

“पाव्हणं, मनावर घेऊ नका,” मालक झारा हलवत म्हणाले. “मंडळी आमची मनानं चांगली हाय, पर ह्या सिनेमाचं नाव निघालं की तिच्या अंगात येतं. अवो, मी सोता ह्या थडीला उभा हुतो तवा! पोलिसांनी पूल अडीवला हुता, तरी लांबनं बघितलंय. नयनप्रभाच हुती ती. काय ती उडी! आजून डोळं मिटलं की दिसती.”

हे एक दुसरं दुखणं. आमच्या मालकांनी ती उडी बघितली आणि त्या नटीवर जीव टाकला तो टाकलाच. लग्नात माझ्या पदरात अक्षता पडल्या, पण यांच्या पाकिटात नयनप्रभाचा फोटो होता.

देवस्थळी मात्र सभ्य माणूस. खुर्ची फिरवून म्हणाले, “थांबा, थांबा. नयनप्रभाला पोहता येत नव्हतं, ही गोष्ट खरी आहे. उडी दुसऱ्या कुणी मारली, असं मीही ऐकून आहे. ताई, सांगा तुम्ही.”

कुणी आपणहून सांगा म्हणायची ही पहिलीच वेळ. मी गल्ल्यावरून उतरले, पदर खोचला आणि सांगितलं.

शूटिंगवाले आमच्याच वस्तीवर उतरले होते. आण्णांची, म्हणजे माझ्या बापाची, होडी त्यांनी भाड्यानं घेतली होती. उडी मारायला मुंबईहून एक पैलवानासारखा माणूस आणलेला, पण त्यानं पुलावरून खाली नदी बघितली आणि त्याचं पाणी पाणी झालं. पोट दुखतंय म्हणून जो तंबूत शिरला तो बाहेरच येईना. डायरेक्टर डोकं धरून बसला. तेव्हा मी होते सतराची, वेताच्या छडीसारखी. मी म्हटलं, एवढंच ना? तिसऱ्या कमानीखाली डोह हाय, तिथनं आमी रोज उड्या मारतो. आण्णा माझ्याकडं असे बघायला लागले, की डोळ्यांनीच बुडवतील. पण तोवर मी तंबूत जाऊन नटीची विजार चढवून आले होते. तिचे बूट काही माझ्या पायात जाईनात. फाळासारखे पाय माझे!

“म्हणून अनवाणी!” ओकबाई ओरडल्या. “देवस्थळी, म्हणून अनवाणी!”

“ऐका पुढं,” देवस्थळी म्हणाले, पण त्यांचे डोळे चमकले होते.

“आण्णांनी दोन अटी घातल्या,” मी म्हटलं. “एक, खाली होडी घेऊन मी ऱ्हाणार. आनि दुसरी, पोरीचं नाव कुठं निघता कामा नये. विजार घालून पुलावरनं उडी मारणाऱ्या पोरीला कोण करून घेईल? उडी झाली. मला होडीत घेतलं. डायरेक्टर म्हणतोय आनखी एकदा, तर आण्णांनी होडी वळीवलीच. घरापातूर एक शब्द बोलले न्हाईत. दारात आल्यावर म्हणाले, ‘झालं गेलं कृष्णेला मिळालं. माझ्या जिवात जीव हाय तवर ही गोष्ट तुझ्या तोंडातनं भाईर पडायची न्हाई.’ न्हाई पडली. सिनेमासुदिक बघू दिला न्हाई मला. अजून बघितला न्हाई मी.”

तांबोळींनी मान डोलावली. ओकबाईंनी माझा हात धरला. आता गाडी रुळावर आली म्हणायची, तोच देवस्थळींनी तो प्रश्न विचारला.

“मग ताई, आमचं एवढं कोडं सोडवा. उडीच्या आधी तुम्ही वाकलात का?”

“कोण वाकलं?” मी म्हटलं.

“तुम्ही. कठड्यापाशी.”

“मी न्हाई बा वाकले. मागनं पिस्तूलवाले धावत्यात आनि मी वाकत बसीन? पळत आले, कठड्यावर चढले, घेतली उडी.”

देवस्थळी ओकबाईंकडं बघायला लागले, ओकबाई तांबोळींकडं.

“ताई, नीट आठवा. पडद्यावर स्वच्छ दिसतं. ती थांबते, वाकते, कपाळाचा घाम पुसते, ओठ हलतात.”

“पडद्यावर कायबी दिसंल. मी माझं सांगते. वाकले न्हाई.”

“बरं, आणि तुमच्या वडिलांनी मुंडासं का उडवलं?”

आता मात्र मला हसूच आलं. “आमच्या आण्णांनी? मुंडासं? अवो, झोपताना उशाला घ्यायचे ते मुंडासं, एवढा त्येचा मान! चारचौघांत डोकं उघडं करणारा माणूसच नव्हं त्यो. आनि माझ्यावर तर असला कावलेला!”

ओकबाईंनी माझा हात हळूच सोडला. वाईट वाटलं त्यांना, तोंडावर दिसत होतं. देवस्थळी खाकरले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, “असू दे ताई. भजी मात्र झकास हं.”

त्यापेक्षा त्यांनी शिवी दिली असती तर बरं! भट्टीपाशी बसलेले आमच्या गावचे दोघंतिघं खदखदा हसायला लागले. एक म्हणाला, “पडली हौसाची उडी!” मालकसुद्धा झाऱ्याआड तोंड लपवून हसत होते. मी मंगलकडं बघितलं. ती हसत नव्हती. भिंतीकडं तोंड करून धुतलेले कप पुन्हा धूत होती, आणि तिच्या खांद्यांवरून मला कळलं, की ती रडतेय.

झालं. माझं डोकं फिरलं. माझा राग कसा, तर उकळी आली की झाकण उडालंच. मी लुगड्याचा काष्टा घातला, पदर कमरेला आवळला, गळ्यातलं मंगळसूत्र दातात धरलं आणि हॉटेलाची पायरी उतरले.

“अगं ए, कुठं निघालीस?” मालक ओरडले.

“भजी जळतील,” मी दातातल्या दातात म्हटलं, “तिकडं बघा.”

भाद्रपद सरत आला होता. पूर उतरला होता, पण नदी अजून काठोकाठ चालली होती. पुलावर भर दुपारचं ऊन. मी तरातरा निघाले. मागनं मालक झारा घेऊन, त्यांच्यामागं मंगल, मग पाहुणे मंडळी, आणि मग खदखदणारे. वरातच निघाली! एक ट्रॅक्टरवाला उसाचं बेणं घेऊन चाललेला, तोही थांबला.

“हौसा, येड लागलं का तुला? पोरीच्या लग्नाचं वय झालं आनि तू...” मालकांचा आवाज आता खरंच फाटला होता. “नगं गं! मी मानतो. तूच मारलीस उडी. सगळं मानतो मी!”

“भ्याला म्हणून मानलं, ते काय कामाचं?” मी मनात म्हटलं. एवढं लांबलचक बोलायची सोय नव्हती, दातात मंगळसूत्र होतं.

तिसऱ्या कमानीवर आले. खाली डोह तसाच काळा, गुळगुळीत. सतराव्या वर्षी होता तसाच, मीच काय ती रुंद झाले होते. भ्याले का? भ्याले की! खोटं कशाला सांगू? पण भीती वाटायला थांबलं की पाय जड होतात, हे नावाड्याच्या पोरीला शिकवावं लागत नाही. कठड्यावर चढले आणि घेतला सूर.

वरनं एकच किंकाळी आली. मग पाणी. थंडगार, कानात घुमणारं. खाली, आणखी खाली, मग पायानं एक हिसडा, आणि वर. कृष्णामाईनं मला उचलून वर दिलं. डोकं बाहेर काढलं तर पुलावर नुसता कालवा. मला वाटलं, माझ्यामागनं आणखी कुणी पडलं की काय! ओकबाई कठड्यावरून अर्ध्या बाहेर लोंबत होत्या आणि जिवाच्या आकांतानं ओरडत होत्या, “वाकली! देवस्थळी, वाकली! वाकली हो!”

मी आपली घाटाकडं हात मारत निघाले. म्हटलं, काय बाई तरी! माणूस नदीत पडलंय आणि ही काय ओरडतेय.

घाटावर पोचले तोवर सगळे धावत खाली आलेले. मालकांच्या हातात झारा तसाच. त्यांनी तो टाकला आणि पाण्यात गुडघाभर शिरून मला ओढलं. त्यांना धड पोहताही येत नाही, बरं का! देवस्थळींना धाप लागलेली. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, “ताई, चुकलो. पण आता तरी सांगा, का वाकलात?”

“आता गं बाई!” मी मंगळसूत्र तोंडातून काढलं. “कोण वाकलंय? काय लावलंय मघाधरनं, वाकली, वाकली!”

तेव्हा मंगल पुढं आली. डोळे लाल, पण मान वर.

“आई, तू वाकलीस. कठड्यावर चढायच्या आधी. दगडाला हात लावलास, कपाळाला लावलास आणि काहीतरी पुटपुटलीस. मी बघितलं. सगळ्यांनी बघितलं.”

मी तिच्या तोंडाकडं बघतच राहिले. आणि मग माझा हात आपोआप माझ्या कपाळाला गेला. हात कपाळाला टेकला तसे ओठही आपोआप हलले.

अगं माझे आई! नावाड्याच्या घरात नदीत उतरायच्या आधी पायरीला हात लावून कपाळाला लावल्याशिवाय कुणी पाण्यात पाय घालत नाही. चालायला लागलं की पोराला पहिलं हेच शिकवतात. “माये, घेतलंस तसं माघारी दे,” एवढंच म्हणायचं. म्हणायचं म्हणजे काय, ते म्हटलं जातं. जेवायला बसायच्या आधी हात धुतला होता का, असं कुणी विचारलं तर सांगता येईल? मागं पिस्तुलं असोत नाहीतर वाघ असो, आमचा हात खाली जाणारच. आणि मी शहाणी भर हॉटेलात छातीठोक सांगत बसलेली, की मी वाकलेच नाही!

मी हे सांगितलं, तर देवस्थळी घाटाच्या ओल्या पायरीवर मटकन बसले. “विलायतेत वाढलेली एजंट रोमा,” ते म्हणाले, “कृष्णामाईच्या पाया पडत होती! आणि आम्ही ट्रान्समीटर शोधत होतो!” मग ते जे हसायला लागले, ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. तांबोळींनी त्यांच्या पाठीत थापटलं. “नाडी म्हटलं तेव्हा उत्तराच्या जवळपास मीच होतो,” असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते.

गावातले खदखदणारे आता खाली बघत होते. मी त्यांच्याजवळ गेले, लुगड्याचा ओला सोगा त्यांच्या पायांवर पिळला आणि म्हटलं, “काय रे, पडली का हौसाची उडी?”

“पडली, वैनी,” त्यातला एक म्हणाला. “डोळ्यांदेखत पडली.”

आणि मालक? ते माझ्याकडं असे बघत होते, जसं लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं. “म्हंजे हौसा,” ते म्हणाले, “मी त्या थडीला उभं ऱ्हाऊन जिच्यावर जीव टाकला... ती...”

“ती रोज तुमचा गल्ला सांभाळती,” मी म्हटलं. “आता तो पाकिटातला फोटो काढा.”

पाहुणे जायला निघाले होते, पण आता कोण सोडतंय त्यांना! देवस्थळींच्या गाडीत सिनेमाची कॅसेट होती. पतसंस्थेच्या सेक्रेटरीकडून व्हीसीआर आणला. दिवेलागणीला हॉटेलात पाय ठेवायला जागा उरली नाही. पाणवठ्यावरच्या त्या हसणाऱ्या बायासुद्धा पुढं जागा धरून बसलेल्या. मला मध्यात खुर्ची. नव्या नवरीगत अवघडून बसले होते मी.

पूल आला. पिस्तूलवाले आले. आणि ती धावत आली, वेताच्या छडीसारखी पोर, नटीच्या विजारीत, अनवाणी. थांबली. वाकली. दगडाला हात, हात कपाळाला. “वाकली!” सगळं हॉटेल एका तोंडानं ओरडलं. मग उडी, आणि शिट्ट्या! पहिली शिट्टी आमच्या मालकांची.

“आई, बघितलंस?” मंगलनं माझा दंड गच्च धरला होता. “बघितलंस स्वतःला?”

पण मी तिकडं बघतच नव्हते. खाली कोपऱ्यात होडी होती. तिच्यात आण्णा उभे होते, वल्हं हातात, नजर पाण्यावर. अंग ताठ झालेलं. पाण्यावर काही दिसेना, आणि आण्णांनी वल्हं टाकून दिलं, आता उडीच घेणार असे पुढं झुकले. मग ते डोकं वर आलं. आणि माझ्या बापानं दोन्ही हातांनी डोक्यावरचं मुंडासं उपसलं आणि वर फेकलं! ते हवेत उलगडत गेलं, पाण्यावर पडलं, वाहत गेलं. त्यांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ते पुलाकडं हात करून काहीतरी ओरडत होते, नाचत होते. कावलेला, एक शब्द न बोलणारा माझा बाप.

मला होडीत ओढून घेतलं तेव्हा त्यांचं डोकं उघडं होतं, ते आत्ता आठवलं. घरी पोचल्यावर मी विचारलं होतं. “वाऱ्यानं नेलं,” म्हणाले होते. त्या दिवशी तर झाडाचं पान हलत नव्हतं.

माझ्या डोळ्यांना धार लागली. मंगल घाबरली. “परत लावू का उडी?” म्हणाली.

“लाव,” मी म्हटलं. “पर उडी नगं बघूस. कोपऱ्यात बघ. तुझा आज्जा बघ.”

तिनं कॅसेट मागं घेतली. मागनं ओकबाईंनी हळूच विचारलं, “ताई, आता कळलं का, तो माणूस कसली खूण करतोय?”

“कळलं की,” मी म्हटलं. “माझी पोरगी वर आली, म्हणून साऱ्या गावाला सांगतोय त्यो.”